प्रोजेक्टर शेवटी घ्या, आधी सुतळी आणा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, हॉल १७ फूट लांब आणि ११ फूट रुंद. अकरा फुटांच्या एका बाजूला बाल्कनीचा सरकता काचेचा दरवाजा, समोरची अकरा फुटांची भिंत मोकळी. त्या भिंतीवर १२० इंचांचं चित्र हवं आहे. छताला पीओपी, हॉलच्या बरोबर मधोमध पंखा, स्वयंपाकघर उघडं आणि हॉलला लागून. रात्री सिनेमे आणि क्रिकेटच्या मॅचेस बघायच्या, खर्च लाखाच्या आत. ऑनलाइन ‘९००० ल्युमेन’चा (ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) प्रोजेक्टर पंधरा हजारांत मिळतोय, तो घ्यावा का? भिंत रंगवून भागेल की पडदा लागेल? आणि प्रोजेक्टर टांगायचा कुठे?

अठरा वर्षं मी हेच काम करतोय: क्लासेस, शाळा, सोसायट्यांचे हॉल आणि गेल्या काही वर्षांत घरं. माझ्याकडे येणारे दहातले आठ जण प्रोजेक्टर आधी घेऊन येतात आणि मग विचारतात, आता हा कुठे बसवू. तुम्ही खरेदीआधी विचारलंत, म्हणून उत्तरही त्याच क्रमाने देतो: आधी उजेड, मग चित्राची जागा, मग पंखा आणि वायर, आणि सगळ्यात शेवटी प्रोजेक्टर.

उजेडापासून सुरुवात करू. टीव्ही काळा रंग दाखवू शकतो, कारण तिथे काच मुळातच काळी असते. प्रोजेक्टरला काळा रंग फेकताच येत नाही. जिथे काळं हवं तिथे तो फक्त उजेड टाकायचं थांबवतो. मग तिथे काय दिसतं? प्रोजेक्टर बंद असताना ती भिंत त्या खोलीत जेवढी उजळ दिसते, तेवढंच. आज दुपारी चार वाजता एक काम करा. पांढरा कागद त्या भिंतीवर चिकटवा, नेहमीचे पडदे ओढून घ्या आणि सोफ्यावर बसून कागदाकडे बघा. तो जेवढा पांढरा दिसेल, तेवढा पांढरा तुमच्या सिनेमातला ‘काळा’ असेल. रात्रीच्या प्रसंगातले काळे केस, काळा कोट, अंधारी गल्ली, सगळं त्या रंगाचं. कितीही महाग मशीन आणलं तरी हे बदलत नाही. जत्रेतल्या तंबूतल्या टॉकीजचे खेळ सूर्य मावळल्यावरच सुरू होत, ते याच कारणाने.

तुमच्या घरात अडचण अशी की बाल्कनीचा दरवाजा चित्राच्या बरोबर समोर येतो. समोरचा उजेड सरळ चित्रावर पडतो. ठाण्यात रात्री दहालाही समोरच्या इमारतीचे दिवे आणि रस्त्यावरचा सोडियमचा किंवा एलईडीचा झोत असतो. म्हणून पहिला खर्च त्या दरवाजाच्या पडद्याच्या कापडाचा करा. ब्लॅकआउटचं कापड घ्या, पण कापडाइतकीच शिवण आणि दांडी महत्त्वाची. दांडी दरवाजाच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना निदान आठ-आठ इंच पुढे आलेली हवी, कापड जमिनीला टेकलेलं हवं, आणि वरून उजेड झिरपू नये म्हणून दांडीवर लाकडी पेल्मेट लावून घ्या. महागडं कापड लावून वरच्या चार इंचांच्या फटीतून अख्खी खोली उजळलेली मी कित्येक घरांत पाहिली आहे.

दुसरा उजेड आतलाच असतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. चित्राचा प्रकाश पडद्यावरून उसळून पांढऱ्या पीओपीवर जातो, तिथून पुन्हा पडद्यावर येतो. खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल असेल तर तीही आरशासारखी वागते. तिच्यात अख्खं चित्र उलटं दिसतं आणि डोळा सारखा तिकडे जातो. यावर साधा उपाय आहे. सिनेमाच्या वेळी पडद्यापुढे गडद रंगाची सतरंजी अंथरा. आणि रंगकाम निघालंच आहे तर चित्राची जागा सोडून पडद्याची बाकीची भिंत आणि तिच्यालगतचं दोन-तीन फूट छत राखाडी किंवा गडद निळ्या मॅट रंगात करून घ्या. हॉल काळा करायची गरज नाही, घरच्यांना ते आवडणारही नाही. ही दोन कामं सात-आठ हजारांत होतात, आणि चित्रात जो फरक पडतो तो प्रोजेक्टरवर आणखी वीस हजार घालूनही पडत नाही.

आता १२० इंचांचं बोलू. हे माप चित्राच्या कर्णाचं असतं. रुंदी-उंचीच्या सोळास नऊ या प्रमाणात १२० इंच म्हणजे जवळजवळ १०५ इंच रुंद आणि ५९ इंच उंच. तुमची भिंत १३२ इंच. दोन्ही बाजूंना जेमतेम तेरा-तेरा इंच उरतात, तिथे स्पीकर नीट उभा राहत नाही. १०० इंच म्हणजे ८७ बाय ४९, बाजूला बावीस-बावीस इंच मोकळे. बसायचं अंतरही बघा. डोळ्यांपासून पडदा दहा ते साडेतेरा फूट असेल तर १०० इंचांचं चित्र सुखाचं होतं. दहा फुटांवर थिएटरच्या मधल्या रांगांचा अनुभव, साडेतेराला निवांतपणा. तुमच्या हॉलमध्ये सोफा साहजिकच अकरा-बारा फुटांवर येतो. मी १०० इंच घेईन. यात आणखी एक फायदा आहे. १०० इंचांच्या चित्राचं क्षेत्रफळ जवळपास ३० चौरस फूट, १२० इंचांचं ४३. तोच प्रकाश जवळजवळ दीडपट जागेवर पसरला की चित्र तेवढं मंद होतं.

तरी मन मानत नसेल तर जुनी वर्तमानपत्रं एकमेकांना चिकटवून ८७ बाय ४९ चा तुकडा करा, भिंतीवर लावा आणि चार दिवस तसाच राहू द्या. जेवताना, मोबाइल बघताना, येता-जाता तो डोळ्यांसमोर राहील. मग १०५ बाय ५९ चा करा. घरातले सगळे मिळून ठरवा. मी हे करायला सांगितल्यावर बहुतेकांनी १०० च निवडलं, काहींनी ११०.

उंचीत बहुतेकांची चूक होते. दुकानात पडदा छताजवळ असतो म्हणून घरीही तसाच लावतात आणि मग दोन तास मान वर करून बसतात. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येतात. ते चित्राच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात यावेत. तुमच्याकडे चित्राची खालची कड जमिनीपासून ३३ इंचांवर धरा, म्हणजे वरची ८२ इंचांवर येईल. खाली साउंडबार आणि बुटकं कपाट मावतं. आई-वडिलांना मान दुखण्याचा त्रास असेल तर आणखी तीन-चार इंच खाली घेतलं तरी हरकत नाही. पण मग पुढची सगळी मापं तेवढीच खाली सरकतील.

यानंतर पंखा. परदेशी व्हिडिओंमध्ये पंखा नसतो, त्यामुळे त्यावर कुणी बोलत नाही, आणि आपल्याकडे निम्मी कामं याच्यामुळे बिघडतात. बऱ्याच वर्षांपूर्वी एका क्लासमध्ये मी जानेवारीत प्रोजेक्टर बसवला. थंडी होती, पंखे बंद होते, चित्र उत्तम आलं. मार्चमध्ये फोन आला, चित्र फडफडतंय म्हणून. जाऊन बघतो तो डाव्या वरच्या कोपऱ्याचा प्रकाश पात्याला चाटून जात होता. पंखा फिरला की तेवढा कोपरा लुकलुकायचा, आणि मुलं तास-तासभर त्याकडे बघत बसायची. सगळं उतरवून, स्लॅबला नवी भोकं पाडून पुन्हा केलं. त्या दिवसापासून माझ्या पिशवीत सुतळीचं बंडल असतं.

सुतळीची रीत अशी. भिंतीवर चित्राचे चार कोपरे पेन्सिलने खुणा करून घ्या. जिथे लेन्स येणार असं वाटतं तिथे, त्याच उंचीवर, शिडीवर उभं राहून कुणीतरी सुतळीची चार टोकं एकत्र धरायची. दुसऱ्याने एकेक टोक एकेका कोपऱ्याला चिकटपट्टीने लावायचं. सुतळ्या ताणल्या की प्रकाशाचा अख्खा मनोरा हवेत उभा राहतो. आता पंखा हाताने सावकाश फिरवा. पातं एकाही सुतळीला लागता कामा नये. ट्यूबलाइट, झुंबर, उघडणारं कपाटाचं दार, सोफ्यावरून उठणाऱ्या माणसाचं डोकं, सगळं याच वेळी कळतं. याला दहा मिनिटं लागतात, आणि ड्रिल मशीन बाहेर काढण्याआधी लागतात.

तुमचा पंखा पडद्यापासून साडेआठ फुटांवर येतो. ४८ इंची पंख्याची पाती दोन्हीकडे दोन-दोन फूट पसरतात, म्हणजे साडेसहा ते साडेदहा फूट हा पट्टा पंख्याचा. आता प्रोजेक्टरचं गणित. थ्रो रेशो म्हणजे लेन्सपासून पडद्याचं अंतर भागिले चित्राची रुंदी. १.२ थ्रोचा प्रोजेक्टर ८७ इंच रुंदीसाठी १०४ इंचांवर, म्हणजे पावणेनऊ फुटांवर टांगावा लागतो, थेट पंख्याखाली. तो तुमच्या कामाचा नाही. १.५ ते १.६ थ्रोचे बरेच प्रोजेक्टर मिळतात. ते पावणेअकरा ते साडेअकरा फुटांवर येतात. सव्वाअकरा फूट धरा, पंख्याच्या मागे, सोफ्याच्या बरोबर वर. छापील थ्रो रेशोवर न जाता कंपनीच्या संकेतस्थळावरचं अंतराचं कोष्टक बघा. झूम दोन्ही टोकांना नेल्यावर अंतर किती बदलतं ते तिथे असतं, आणि जागा त्या दोन टोकांच्या मध्ये यावी.

लेन्सची उंचीही सुतळीआधीच ठरवा. छताला उलटा टांगलेला साधा प्रोजेक्टर चित्र लेन्सच्या सरळ रेषेत टाकत नाही, थोडं खाली टाकतो. याला ऑफसेट म्हणतात आणि तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. समजा तो चित्राच्या उंचीच्या दहा टक्के आहे, तर चित्राच्या वरच्या कडेपेक्षा लेन्स पाच इंच वर हवी. आपली वरची कड ८२ इंच, म्हणजे लेन्स ८७ इंचांवर, सव्वासात फुटांवर. तुमच्या पंख्याची पाती आठ फुटांच्या आसपास असतील, म्हणजे सगळा प्रकाश पात्यांच्या नऊ इंच खालून जातो. स्लॅबपासून लांब दांडी घ्यावी लागेल. ज्यांना दांडी नको असते ते प्रोजेक्टर छताला चिकटवतात, चित्र वर जातं, मग तोंड खाली झुकवतात, मग चित्र चौकोनाऐवजी सुपासारखं होतं, आणि मग कीस्टोन नावाची सेटिंगमधली सोय वापरून ते सरळ करतात.

कीस्टोनबद्दल माझं मत पक्कं आहे: घरातल्या कायमच्या बसवणीत तो शून्यावर हवा. फुल एचडी प्रोजेक्टरमध्ये चित्र तयार करणाऱ्या चिपवर १९२० बाय १०८० ठिपके असतात. कीस्टोन लावला की त्यांतले काही कडेला काळे करून टाकले जातात आणि अख्खं चित्र उरलेल्या ठिपक्यांत दाबून बसवलं जातं. उपशीर्षकांची बारीक अक्षरं सर्वांत आधी मऊ पडतात. शिवाय ते ‘काळे’ केलेले ठिपके पूर्ण काळे नसतातच, चित्राभोवती राखाडी झालर दिसते. लेन्स शिफ्ट ही वेगळी गोष्ट. त्यात लेन्सच सरकते, ठिपके सगळे शाबूत राहतात. बजेटमध्ये थोडीशी जरी उभी लेन्स शिफ्ट मिळत असेल तर मी दुसरं एखादं फीचर सोडून ती घेईन. आपोआप फोकस आणि आपोआप कीस्टोनवाले छोटे प्रोजेक्टर टीपॉयवर ठेवायला सोयीचे आहेत, पण कायमचं बसवल्यावर ते आपोआपचं बंद करा, नाहीतर जरा हादरा बसला की मध्येच चित्र सरकतं.

मध्य काढायला ओळंबा वापरा. चित्राचा आडवा मध्य भिंतीवर खूण करा, दोन्ही बाजूच्या भिंतींपासून मोजून छतावर रेषा आखा, आणि ओळंबा सोडून लेन्सची जागा पक्की करा. लेन्सची म्हणतोय, प्रोजेक्टरच्या पेटीची नव्हे, कारण पुष्कळ मॉडेलमध्ये लेन्स एका बाजूला असते. आपल्याकडे भिंती काटकोनात असतील असं गृहीत धरू नका. गुण्या लावून बघा, अकरा फुटांत इंच-दीड इंच फरक सहज निघतो. मशीन समोरच्या भिंतीला काटकोनात यायला हवं, बाजूच्या भिंतीला समांतर नव्हे. दोन सूत इकडे-तिकडे झालं तर माउंटच्या स्क्रूने सावरता येतं, त्यापुढे नाही.

माउंट पीओपीला कधीही लावू नका. पीओपी किंवा जिप्सम फक्त स्वतःचं वजन पेलतं. त्याला भोक पाडून दांडी आरपार वर न्यायची आणि स्लॅबला अँकर फास्टनरने पकडायची, निदान चार. प्लास्टिकचा रावळ प्लग छताला चालणार नाही, वजन सरळ खाली ओढतं. ड्रिल करण्याआधी स्लॅबमधला पंख्याच्या वायरचा पाइप कुठून गेलाय ते वायरमनकडून बघून घ्या. आणि दांडी लांब असल्याने पंख्याच्या वाऱ्याने ती किंचित डोलते. सव्वाअकरा फुटांवर ते डोलणं चित्रात उठून दिसतं. जाड पाइपची दांडी घ्या आणि पीओपीच्या भोकात तिच्याभोवती घट्ट रबरी वायसर बसवा.

भिंत की पडदा? भिंत आधी तपासा. रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून, कडेने तिरका मारा. पट्टीचे फटकारे, उंचवटे, जुन्या खिळ्यांची बुजवलेली भोकं सगळी सावल्या टाकू लागतील. क्रिकेटमध्ये कॅमेरा हिरव्या मैदानावरून सरकतो तेव्हा हेच उंचवटे चित्रात पोहताना दिसतात. भिंत सपाट निघाली, किंवा पुट्टी मारून, घासून, त्यावर निव्वळ पांढरा मॅट इमल्शन लावून घेतला, तर चित्र खरोखर चांगलं येतं. रंगाला चमक नको. चित्राच्या चारी बाजूंना तीन इंचांची काळ्या मखमलीची पट्टी लावा. कडेला सांडलेला उजेड ती पिऊन टाकते आणि चित्र एकदम उठावदार वाटतं. फ्लेक्सचा बॅनर ताणून लावायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो चमकतो, मधोमध उजळ डाग पडतो, घेऊ नका.

पडदाच घ्यायचा असेल तर चौकटीवर ताणलेला, साधा मॅट पांढरा, गेन (पडदा प्रकाश किती परत फेकतो त्याचं माप) १ च्या आसपासचा. वर गुंडाळणारे स्वस्त पडदे दोन पावसाळ्यांत कडांना वळतात आणि चित्राच्या सरळ रेषा लाटांसारख्या दिसतात. गुंडाळायचाच असेल तर बाजूंना ताण देणाऱ्या दोऱ्यांचा घ्या. उजेड खाऊन टाकणाऱ्या राखाडी पडद्यांची जाहिरात खूप असते. ते बाजूने किंवा वरून येणाऱ्या उजेडाला उपयोगी पडतात. तुमचा उजेड समोरून, प्रोजेक्टरच्याच दिशेने येतो, तिथे त्यांचा फारसा फायदा नाही. तुम्ही भिंत करा. वर्षभराने वाटलं तर त्याच मापाची चौकट त्याच जागी बसेल.

आता तो ९००० ल्युमेनवाला. घेऊ नका. तो आकडा कोणत्या पद्धतीने मोजला ते खोक्यावर लिहिलेलं नसतं. एएनएसआय ल्युमेन किंवा आयएसओ २१११८ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच आकड्याला अर्थ आहे. तसंच ‘१०८०पी सपोर्ट’ म्हणजे तो तसा सिग्नल घेतो इतकंच, दाखवेल कमी ठिपक्यांत. ‘नेटिव्ह’ हा शब्द शोधा. हिशेब असा करा: खरे ल्युमेन भागिले चौरस फूट. सिनेमा मोडमध्ये खोक्यावरच्या आकड्याच्या निम्मे धरा, कारण सर्वांत उजळ मोडमध्ये सगळ्यांचे चेहरे हिरवट दिसतात. दोन हजार खरे ल्युमेन म्हणजे हाताशी हजार, भागिले ३०, म्हणजे ३३ फूट-लॅम्बर्ट, हे पडद्यावरच्या उजळपणाचं माप. डिजिटल सिनेमागृहाचं प्रमाण १४ आहे. अंधारात तुम्हाला भरपूर झालं. मॅच बघताना एखादा दिवा चालू ठेवायचा, लोक ये-जा करणार, तेव्हा उजळ मोड लावा. तीन हजारांचा घेतला तर निश्चिंती.

डीएलपी की एलसीडी (प्रोजेक्टरच्या आत चित्र तयार करायच्या दोन पद्धती), यावर लोक फार भांडतात. एका चिपच्या डीएलपीमध्ये रंग एकामागोमाग एक येतात, आणि काही जणांना नजर हलवली की पांढऱ्या अक्षरांच्या कडांना इंद्रधनुष्य दिसतं. काहींचं त्याने डोकं दुखतं. घरातल्या प्रत्येकाने दुकानात काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी श्रेयनामावली बघावी आणि मान पटकन इकडून तिकडे फिरवावी. कुणालाच दिसलं नाही तर डीएलपी खुशाल घ्या. जमलं तर त्याही आधी मंडप-साउंडवाल्याकडून एक रात्र कुठलाही बरा प्रोजेक्टर भाड्याने आणा. तुमच्या खोलीत, तुमच्या पडद्यांसह एक मॅच बघा.

उघड्या स्वयंपाकघराची मला काळजी वाटते. फोडणीची तेलकट वाफ आणि देवघरातला धूप हळूहळू आतल्या फिल्टरवर आणि लेन्सवर चिकट थर देतात, त्यावर धूळ बसते, हवा अडते, मशीन तापतं. प्रोजेक्टरची गरम हवा सुटणाऱ्या जाळीसमोर निदान फूटभर मोकळी जागा ठेवा. फिल्टर असेल तर महिन्यातून एकदा काढून साफ करा. लेन्स पदराने किंवा शर्टाने पुसू नका; आधी हवेचा फुगा, मग कॅमेऱ्याच्या लेन्सचं कापड. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालू करा, म्हणजे लेन्सवर बुरशी धरत नाही. आणि वायरमनला सांगून प्रोजेक्टरची लाइन इन्व्हर्टरवर घ्या. दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर वीज गेल्यावर आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. लेझर किंवा एलईडीला याची एवढी भीती नसते.

आवाज पडद्याखालून आला पाहिजे, डोक्यावरून नव्हे. साउंडबार पडद्याखाली ठेवा आणि तारेने जोडा. ब्लूटूथने ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. प्रोजेक्टरच्या आतल्या अँड्रॉइडवर अवलंबून राहू नका, बऱ्याच स्वस्त मॉडेलवर मोठी ओटीटी अॅप नीट चालत नाहीत. स्ट्रीमिंग स्टिक वेगळी घ्या. ती पडद्याखालच्या कपाटात साउंडबारजवळ राहील, तिथून छतामार्गे प्रोजेक्टरपर्यंत वायर आठ-नऊ मीटर होते. इतक्या लांबीवर साधी एचडीएमआय दगा देऊ शकते. ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, आणि लक्षात ठेवा, तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. पाइपात उलटी ओढली तर चित्र येत नाही आणि सगळी बाहेर काढावी लागते. ओढण्याआधी जमिनीवर पसरून दोन्ही टोकं जोडून चालते का ते बघा. पाइप ३२ मिलिमीटरचा टाका, एचडीएमआयचं डोकं २० च्या पाइपातल्या वळणावर अडकतं, आणि काटकोनी एल्बोऐवजी मोठं गोल वळण द्या. विजेची वायर त्याच पाइपातून नेऊ नका, तिला वेगळा पाइप. वायर ओढून झाली की तिच्यासोबत नायलॉनची एक मोकळी दोरी त्या पाइपात दोन्ही टोकांना गाठ मारून सोडून द्या. पाच वर्षांनी वायर बदलायची वेळ येईल तेव्हा भिंत फोडावी लागणार नाही.